डोमेन परस्पर हलू नये म्हणून

डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी कोणाच्या तरी नावे नोंदवलेले असते आणि ती नोंद एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे हलवता येते. ग्राहकासाठी केलेल्या याच सोयीचा गैरफायदा घेऊन डोमेने मालकाला पत्ता लागू न देता परस्पर हलवली जातात. त्यापासून बचाव करायचा तर ही नोंद कुठे राहते आणि कोणाच्या सांगण्यावरून हलते, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

या साखळीच्या वरच्या टोकाला रजिस्ट्री असते. डॉट कॉम आणि डॉट नेट यांची मूळ नोंदवही अमेरिकेतील व्हेरिसाइन कंपनी सांभाळते, डॉट ऑर्गची पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री सांभाळते, तर डॉट इन आणि देवनागरीतील डॉट भारत यांची जबाबदारी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजे निक्सी या संस्थेकडे आहे. सामान्य ग्राहकाचा रजिस्ट्रीशी थेट संबंध येत नाही. त्याचा व्यवहार होतो रजिस्ट्रारशी, म्हणजे रजिस्ट्रीच्या नोंदवहीत फेरफार करण्याचा अधिकार मिळालेल्या कंपनीशी. पुष्कळदा रजिस्ट्रार आणि ग्राहक यांच्यामध्ये आणखी एक रिसेलर असतो. आपल्याकडे बहुतेक वेळा तो वेबसाइट बनवून देणारा माणूसच असतो. साखळीच्या शेवटच्या टोकाला असतो नोंदणीधारक, ज्याच्या नावे डोमेन लागलेले असते तो.

नोंद हलते कशी

डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा सर्वसाधारण डोमेनांच्या स्थलांतराचे नियम आयकॅन ही १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था ठरवते. डॉट इनसारख्या देशनिहाय डोमेनांचे नियम ज्या-त्या रजिस्ट्रीचे असतात. कोड आणि लॉक ही मुख्य यंत्रणा मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

आयकॅनचे स्थलांतर धोरण १२ नोव्हेंबर २००४ पासून लागू झाले. त्याआधी ग्राहकाने दुसरीकडे जायचे ठरवले, की जुना रजिस्ट्रार उत्तरच न देता त्याला अडकवून ठेवू शकत असे. या अडवणुकीला आळा घालण्यासाठी नियम उलटा करण्यात आला: जुन्या रजिस्ट्रारने पाच दिवसांत सकारण हरकत घेतली नाही, तर स्थलांतर मंजूर झाले असे धरले जाते. ग्राहकाच्या दृष्टीने हा बदल चांगलाच होता. पण डोमेनच्या सुरक्षिततेसाठी लक्षात ठेवायची मुख्य गोष्टही यातूनच निघते. या व्यवस्थेत मौन म्हणजे संमती. मालक गप्प राहिला, मग तो प्रवासात असो, त्याचा ईमेल बंद पडलेला असो किंवा आलेले पत्र स्पॅममध्ये गेलेले असो, व्यवहार पुढे सरकतो आणि पुरा होतो.

व्यवहाराचे टप्पे थोडेच आहेत. मालक सध्याच्या रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन डोमेनवरचा लॉक काढतो आणि ऑथ कोड मिळवतो. हा कोड म्हणजे त्या एका डोमेनपुरता असलेला पासवर्ड. तो मागितल्यापासून पाच दिवसांच्या आत देणे रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. मालक हा कोड नव्या रजिस्ट्रारकडे देतो, नवा रजिस्ट्रार तो रजिस्ट्रीकडे पाठवतो आणि लॉक नसेल व कोड जुळला तर रजिस्ट्री जुन्या रजिस्ट्रारला कळवते. जुना रजिस्ट्रार नोंदणीधारकाला ईमेल पाठवतो. पाच दिवस उलटले की काम झाले. या सगळ्यात ओळखपत्र, सही किंवा संस्थेचा ठराव कोणी पाहत नाही.

पूर्वी आणखी एक अडसर होता. नव्या रजिस्ट्रारलाही नोंदणीधारकाला ईमेल पाठवून त्याची स्पष्ट संमती घ्यावी लागत असे. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीविषयीचा कायदा अमलात आला, नोंदणीधारकांचे पत्ते आणि ईमेल सार्वजनिक नोंदींतून झाकले गेले. पत्ताच दिसत नसेल तर संमती मागायची कोणाकडे, म्हणून आयकॅनने ही अट शिथिल केली. परिणामी आता चोर आणि डोमेन यांच्यामध्ये तीनच गोष्टी उरतात: लॉक, कोड आणि जुन्या रजिस्ट्रारकडून येणारे एक पत्र. लॉक आणि कोड दोन्ही रजिस्ट्रारच्या खात्यात असतात. खात्याचा पासवर्ड बदलण्याची लिंक आणि ते शेवटचे पत्र एकाच ईमेलवर येते. म्हणजे ज्याच्या हाती तो ईमेल, त्याच्या हाती डोमेन.

चोर शिरतो कुठून

डोमेनच्या चोरीत तांत्रिक करामत क्वचितच असते. बहुतेक वेळा चोर कोणाला तरी फसवून परवानगी मिळवतो.

याचे सर्वात गाजलेले जुने उदाहरण सेक्स डॉट कॉमचे. गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये नोंदवलेले हे डोमेन पुढच्याच वर्षी स्टीफन कोहेन याने एका बनावट पत्राच्या आधारे नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडून स्वतःच्या ताब्यात घेतले. तेव्हा डॉट कॉमसाठी दुसरा रजिस्ट्रारच नव्हता, त्यामुळे हे आजच्या अर्थाने स्थलांतर म्हणता येत नाही. फसवणुकीची रीत मात्र तीच होती. क्रेमेन यांना डोमेन परत मिळेपर्यंत २००० साल उजाडले. २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने डोमेन ही मालमत्ता आहे आणि ती खातरजमा न करता दुसऱ्याला देणाऱ्या कंपनीवरही जबाबदारी येऊ शकते, असा निर्णय दिला.

जानेवारी २००५ मधले पॅनिक्सचे प्रकरण या लेखाच्या विषयाशी थेट जुळते. पॅनिक्स ही १९८९ पासून चालणारी न्यूयॉर्कची इंटरनेट सेवा कंपनी. शनिवारी, १५ जानेवारीला तिचे डोमेन अमेरिकेतील रजिस्ट्रारकडून ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न आयटी या रजिस्ट्रारकडे गेलेले आढळले. हजारो ग्राहकांचा ईमेल ठप्प झाला. मालकाची संमती तपासण्याचे काम मेलबर्न आयटीने रिसेलरवर सोपवले होते आणि रिसेलरने ते केलेच नव्हते. शनिवार-रविवार असल्याने दाद मागायला कार्यालयात कोणी सापडेना. मेलबर्नमध्ये सोमवार उजाडला तेव्हा कुठे डोमेन परत मिळण्याची सोय झाली. चोर सुट्टीचा दिवस निवडतात, हे तेव्हापासून पुनःपुन्हा दिसून आले आहे.

ग्राहक सेवेतल्या माणसाला बोलण्यात गुंडाळणे हा दुसरा मार्ग. जानेवारी २०१० मध्ये चीनच्या बायडू या शोधयंत्राचे डोमेन अशाच रीतीने काही तासांसाठी भलतीकडे वळवण्यात आले. बायडूने न्यायालयात मांडलेल्या हकिकतीतला तपशील पाहण्याजोगा आहे. हल्लेखोराने रजिस्ट्रारच्या ऑनलाइन चॅटवर येऊन खात्यातला ईमेल बदलून मागितला. ओळख पटवण्याच्या प्रश्नाला त्याने चुकीचे उत्तर दिले. तरीही कर्मचाऱ्याने बायडूच्या खऱ्या ईमेलवर एक सुरक्षा कोड पाठवला आणि तो हल्लेखोराला विचारला. तो ईमेल हल्लेखोराच्या हाती नव्हताच, त्याने मनाला येईल तो आकडा लिहिला. कर्मचाऱ्याने दोन्ही कोड जुळतात का हे पाहिलेच नाही आणि ईमेल बदलून एका जीमेल पत्त्यावर नेला. त्यानंतर ‘पासवर्ड विसरलात?’ ही लिंक दाबणे एवढेच काम उरले होते. सुरक्षेची तरतूद कागदावर व्यवस्थित होती, अंमलबजावणीत ती दोनदा निकामी ठरली. म्हणूनच रजिस्ट्रार निवडताना वर्षाचे शंभर-दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा त्याची ग्राहक सेवा ओळख कशी पटवते, याची चौकशी करणे जास्त मोलाचे.

तिसरा मार्ग आणखी साधा आहे. डोमेनची मुदत संपत आली असल्याची सूचना टपालाने किंवा ईमेलने येते. कागद बिलासारखा दिसतो, त्यावर डोमेनचे नाव आणि मुदतीची तारीखही बरोबर असते. हिशेब पाहणारा कारकून पैसे भरतो आणि सही करतो. प्रत्यक्षात ते बिल नसते, दुसऱ्या कंपनीकडे स्थलांतर करण्याची संमती असते. ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ या नावाने अशी पत्रे अनेक देशांत वर्षानुवर्षे जात राहिली. २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याविरुद्ध कारवाई केली आणि २०१४ मध्ये त्यामागच्या रजिस्ट्रारला आयकॅनने काही काळ निलंबित केले. संस्थेत डोमेनचे बिल चुकते करणाऱ्या व्यक्तीला आपला रजिस्ट्रार कोण, हे एक नाव माहीत असले तरी या प्रकारातून सुटका होते. इतर कोणाचेही बिल आले तर ते भरायचे नाही.

डोमेन कोणाच्या नावावर आहे

महाराष्ट्रातल्या शाळा, पतसंस्था, दिवाळी अंक, छोटे कारखाने, वाचनालये यांच्या बाबतीत मूळ दुखणे बहुधा हॅकरचे नसते. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर आणि कधी कधी स्वतःच्याच नावे घेतलेले असते. पैसे संस्थेने दिले, पावती संस्थेकडे आहे, पण नोंद भलत्याच नावे. शेतीचा सातबारा ज्याच्या नावे, त्याचेच म्हणणे तलाठ्याकडे ऐकले जाते, तसेच येथेही रजिस्ट्रार नोंदीतल्या नावालाच मालक समजतो. त्या माणसाशी बिनसले, तो गाव सोडून गेला, वारला किंवा त्याचाच ईमेल कोणी फोडला, तर संस्थेला बोलायला जागा उरत नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे संस्थेच्या नावे रजिस्ट्रारकडे खाते उघडणे आणि डोमेन त्या खात्यात आणून घेणे. नोंदणीधारक म्हणून संस्थेचे नोंदणीकृत नाव जसेच्या तसे असावे. वेबसाइट करणाऱ्याला लागेल तेवढाच मर्यादित प्रवेश द्यावा. बहुतेक मोठे रजिस्ट्रार मुख्य पासवर्ड न देता असा प्रवेश देण्याची सोय ठेवतात. नोंदणीधारकाचे नाव किंवा ईमेल बदलला, की आयकॅनच्या नियमानुसार साधारणपणे ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. त्यामुळे नाव दुरुस्त करणे आणि रजिस्ट्रार बदलणे ही दोन्ही कामे करायची असतील, तर त्यांचा क्रम आधी ठरवावा.

या खात्यासाठी कोणता ईमेल द्यायचा, हा निर्णय वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. ज्या डोमेनचे रक्षण करायचे, त्याच डोमेनवरचा ईमेल देणे धोक्याचे. डोमेन हातचे गेले की तो ईमेलही जातो, आणि रजिस्ट्रारकडून येणारी पत्रे चोरालाच मिळू लागतात. एखाद्या कर्मचाऱ्याचा खासगी ईमेल देणेही तितकेच वाईट. पुष्कळ वर्षे न वापरलेला फुकट सेवेवरचा ईमेल तर सर्वात घातक. काही सेवा निष्क्रिय खाती बंद करतात आणि याहूने २०१३ मध्ये अशी जुनी नावे नव्या ग्राहकांना खुली करून दिली होती. जुना ईमेल दुसऱ्या एखाद्या डोमेनवर असेल आणि त्या डोमेनची मुदत संपली असेल, तर कोणीही ते डोमेन नव्याने घेऊन तो ईमेल जिवंत करू शकतो. केवळ याच कामासाठी वेगळा, भरवशाच्या सेवेवरचा, संस्थेच्या ताब्यातला पत्ता काढावा. त्याला दुहेरी पडताळणी असावी आणि तो किमान दोन जबाबदार माणसे नियमित पाहत असावीत.

रजिस्ट्रारच्या खात्यालाही दुहेरी पडताळणी लावावी. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा सिक्युरिटी की बरी, कारण सिम कार्ड दुसऱ्याच्या नावे काढून ओटीपी पळवण्याचे प्रकार होतात. पडताळणीचे बॅकअप कोड छापून संस्थेच्या कपाटात ठेवावेत. रजिस्ट्रार कंपनी विकली गेली किंवा तिचा व्यवसाय दुसरीकडे गेला, तर ही सगळी व्यवस्था नव्याने तपासावी. गुगल डोमेन्सची ग्राहकखाती स्क्वेअरस्पेसकडे गेल्यानंतर जुलै २०२४ मध्ये आभासी चलनाच्या व्यवसायातल्या काही कंपन्यांची डोमेने भलतीकडे वळवली गेली. जुन्या व्यवस्थेतली दुहेरी पडताळणी नव्या ठिकाणी आपोआप आली नव्हती.

लॉक आणि त्याच्या मर्यादा

डोमेनची स्थिती कोणालाही पाहता येते. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकले, की रजिस्ट्रार, नोंदणीची व मुदतीची तारीख, शेवटचा बदल, संकेतस्थळ व ईमेल कोणत्या सर्व्हरवर आहेत ते सांगणारे नेमसर्व्हर आणि स्टेटस अशी नोंद समोर येते. पूर्वी हे काम हूइज या सेवेने होत असे. सर्वसाधारण डोमेनांसाठी जानेवारी २०२५ पासून तिची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे. स्टेटसच्या ओळीत ‘क्लायंट ट्रान्स्फर प्रोहिबिटेड’ असे शब्द दिसले, तर रजिस्ट्रारकडचा लॉक लागलेला आहे. तेथे नुसते ‘ओके’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्ह’ असेल तर सगळे ठीक आहे असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ डोमेनवर कोणताही लॉक नाही, असा आहे. ‘पेंडिंग ट्रान्स्फर’ दिसले तर स्थलांतराची मागणी आधीच दाखल झालेली आहे आणि हातात थोडेच दिवस आहेत.

हा लॉक फुकट मिळतो आणि तो कायम लावूनच ठेवावा. लॉक असताना रजिस्ट्री स्थलांतराची मागणी स्वीकारतच नाही, कोड बरोबर असला तरीही. पण तो लावण्याचे आणि काढण्याचे बटण खात्यातच असते. खाते चोराच्या हाती गेले की लॉकचा उपयोग संपला. म्हणून नुसता लॉक लावून निर्धास्त राहणे बरोबर नाही. खाते आणि ईमेल जितके पक्के, तितकाच तो पक्का.

याच्या वरचा बंदोबस्त म्हणजे रजिस्ट्री लॉक. हा लॉक रजिस्ट्रीच्या पातळीवर लागतो आणि स्टेटसमध्ये ‘क्लायंट’च्या जागी ‘सर्व्हर’ हा शब्द दिसतो. खात्यातल्या बटणाने तो निघत नाही. आधी ठरवलेल्या माणसाने रजिस्ट्रारमार्फत विनंती करायची, रजिस्ट्रीने फोनवर किंवा ठरलेल्या वेगळ्या मार्गाने खातरजमा करायची, मगच तो उघडतो. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी या गटाने मेलबर्न आयटीच्या एका रिसेलरचे खाते मिळवून न्यूयॉर्क टाइम्सचे डोमेन वळवले, तेव्हा ट्विटरही त्यांच्या निशाण्यावर होते. ट्विटरच्या मुख्य डोमेनला रजिस्ट्री लॉक असल्याने ते बचावले. या सेवेला वेगळे शुल्क पडते आणि सगळेच रजिस्ट्रार ती देत नाहीत. एखाद्या कवीच्या वैयक्तिक संकेतस्थळाला तिची गरज नाही. पण ज्या डोमेनवर पैशाचे व्यवहार चालतात, ज्याच्या ईमेलवर रुग्णांचे अहवाल किंवा विद्यार्थ्यांची कागदपत्रे येतात, तेथे हा खर्च वाजवी आहे.

भारतातल्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने वेगळी वाट काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने बँकांसाठी डॉट बँक डॉट इन हे स्वतंत्र क्षेत्र जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी तेथे यावे, अशी सूचना दिली. या क्षेत्राची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था करते. दुसरा रजिस्ट्रारच नसल्याने परस्पर स्थलांतराचा प्रश्न तेथे उरत नाही. नागरी सहकारी बँकांची सर्वाधिक संख्या असलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट विशेष लागू आहे. पतसंस्था मात्र बँक नसल्याने या व्यवस्थेबाहेर राहतात, त्यांनी वर सांगितलेली काळजी स्वतःच घ्यायची आहे.

मुदत चुकवणे हा डोमेन गमावण्याचा सर्वात नाहक प्रकार. रजिस्ट्रारने मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना द्यायच्या असतात. पण त्या ज्या ईमेलवर जातात तोच बंद असेल तर उपयोग काय? डॉट कॉमसारख्या डोमेनांना मुदतीनंतर रजिस्ट्रारच्या धोरणानुसार काही दिवसांची सवलत आणि डोमेन काढून टाकल्यावर आणखी ३० दिवसांची सोडवणुकीची संधी मिळते, तीही जादा पैसे भरून. महत्त्वाचे डोमेन एकदम पाच-दहा वर्षांसाठी नोंदवावे आणि ऑटो-रिन्यूअलला जोडलेले कार्ड चालू आहे ना, हे वर्षातून एकदा पाहावे.

पाळत ठेवायची ती संकेतस्थळावर नव्हे, नोंदीवर. हा फरक पर्ल डॉट कॉमच्या प्रकरणातून कळतो. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेला वाहिलेले हे संकेतस्थळ जानेवारी २०२१ च्या अखेरीस एकाएकी भलत्याच पत्त्यावर गेले. मागे जाऊन पाहता, सप्टेंबर २०२० मध्येच खात्यावरचा ताबा गेला होता असे त्याच्या संपादकांच्या लक्षात आले. डोमेन डिसेंबरमध्ये एका चिनी रजिस्ट्रारकडे आणि जानेवारीत तेथून जर्मनीतल्या रजिस्ट्रारकडे हलवले गेले. चोराने ६० दिवसांची अट निमूटपणे पाळली आणि तोवर नेमसर्व्हरला हात लावला नाही. संकेतस्थळ नेहमीसारखे चालू राहिल्याने कोणाला शंका आली नाही. डोमेन फेब्रुवारीत परत मिळाले. महिन्यातून एकदा लुकअप पानावर रजिस्ट्रारचे नाव, स्टेटस आणि शेवटच्या बदलाची तारीख पाहण्याची सवय असती, तर हे महिनोन्‌महिने लपून राहिले नसते. नोंदीत बदल होताच ईमेल पाठवणाऱ्या सेवाही मिळतात. आपल्या डोमेनसाठी नवे सुरक्षा प्रमाणपत्र निघाले की कळवणारी सेवा तर अवश्य घ्यावी, कारण डोमेन ताब्यात आले की चोर थोड्याच वेळात त्याचे प्रमाणपत्र मिळवू शकतो आणि ब्राउझरला खोटे संकेतस्थळ खरेच वाटते.

रजिस्ट्रार स्वखुशीने बदलायचा असेल तेव्हाही काही दिवस डोमेन उघडे पडते. मुदत संपायला निदान दीड-दोन महिने असताना हे काम काढावे. कोड त्याच वेळी मागावा, तो व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा रिसेलरच्या ईमेलवर फिरवू नये. नेमसर्व्हर जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर ते आधी दुसरीकडे न्यावेत, नाहीतर स्थलांतर पुरे होताच संकेतस्थळ आणि ईमेल बंद पडण्याचा संभव असतो. काम होताच नव्या ठिकाणी लॉक लागला आहे का, हे पाहावे.

डोमेन हललेच तर

न मागितलेल्या स्थलांतराचे पत्र आले, तर त्यातली लिंक दाबू नये. रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जावे, तेथे मागणी नाकारावी, लॉक लावावा, ऑथ कोड बदलावा आणि मग ईमेलचा व खात्याचा पासवर्ड बदलावा. ईमेलमध्ये पत्रे परस्पर दुसरीकडे पाठवणारा किंवा रजिस्ट्रारची पत्रे पुसून टाकणारा एखादा नियम कोणी लावून ठेवला आहे का, हेही पाहावे. चोर हे हमखास करतात. पाच दिवस संपायच्या आत घेतलेली हरकत ही सर्वात स्वस्त आणि खात्रीची उपाययोजना.

डोमेन गेलेच असेल तर पहिला फोन जुन्या रजिस्ट्रारला करावा, चोराला किंवा नव्या रजिस्ट्रारला नव्हे. रजिस्ट्रारांनी एकमेकांशी तातडीने बोलावे म्हणून २०१२ पासून एक आणीबाणीचा संपर्क ठेवण्याची व्यवस्था आहे; त्यावर आलेल्या विनंतीला चार तासांत उत्तर देणे समोरच्या रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. ग्राहकाला ही वाट थेट वापरता येत नाही, पण जुन्या रजिस्ट्रारने ती वापरावी असा आग्रह नावानिशी धरता येतो. पॅनिक्ससारखी सुट्टीच्या दिवशीची कोंडी टळावी हाच तिचा हेतू. तेवढ्याने भागले नाही तर जुना रजिस्ट्रार स्थलांतर तंटा निवारण धोरणाखाली १२ महिन्यांच्या आत दाद मागू शकतो. नोंदणीधारकाने स्वतः आयकॅनकडे तक्रार नोंदवावी. डॉट इन असेल तर निक्सीकडे.

भारतात सायबर पोलिसांकडे तक्रार करताना माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ओळख चोरीचे कलम ६६सी आणि तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीचे कलम ६६डी यांचा आधार घेता येतो. ग्राहकांचे पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावे. कंपन्या आणि सेवा देणाऱ्या संस्थांनी अशा घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायच्या असतात. दिवाणी बाजूही भक्कम आहे. रेडिफच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच डोमेनला ट्रेडमार्कसारखे संरक्षण दिले आणि सत्यम इन्फोवेच्या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच दिशा कायम केली. सर्वसाधारण डोमेनांसाठीची युडीआरपी किंवा डॉट इनसाठीची आयएनडीआरपी या तंटा निवारण प्रक्रिया मात्र मूलतः ट्रेडमार्कच्या वादासाठी आहेत. साध्या चोरीत त्या नेहमी उपयोगी पडतीलच असे नाही.

या प्रत्येक ठिकाणी पुरावा मागितला जातो आणि तो आधी जमवलेला असेल तरच वेळेवर देता येतो. पहिल्या नोंदणीची पावती, दरवर्षीची बिले, रजिस्ट्रारची जुनी पत्रे, डोमेन घेण्याचा संस्थेचा ठराव आणि स्थिती व्यवस्थित असतानाची लुकअप पानाची छापील प्रत एका फायलीत ठेवावी. ती फाईल संगणकावर असेल तर त्याच डोमेनच्या ईमेलमध्ये किंवा सर्व्हरवर नसावी. डोमेन गेल्याचे लक्षात येताच त्या क्षणीची नोंदही वेळेसह छापून घ्यावी, कारण चोर ते पुढे आणखी एका रजिस्ट्रारकडे हलवण्याचा संभव असतो. ग्राहकांना, सभासदांना फोन, एसएमएस आणि सूचनाफलक यांतून लगेच कळवावे, त्या डोमेनवरून आलेल्या कोणत्याही ईमेलवर विश्वास ठेवू नका असे स्पष्ट सांगावे.

डोमेन परत आल्यावर नेमसर्व्हर आणि ईमेलच्या नोंदी एकेक करून जुन्याशी ताडून पाहाव्यात. चोराने मधल्या काळात काढलेली सुरक्षा प्रमाणपत्रे शोधून रद्द करवून घ्यावीत. डोमेन परत आले म्हणून ती आपोआप रद्द होत नाहीत. त्या काळात आलेला ईमेल चोराने वाचला असे गृहीत धरून त्या पत्त्यांवर उघडलेल्या बँक, जीएसटी, क्लाउड आणि समाजमाध्यमांच्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलावा.